आईला काय आवडायचं

दिवाळीत दाराला झेंडूचं तोरण लावलं म्हणून कोणी सांत्वनाला आलं, असं माझ्याखेरीज आणखी कुणाच्या नशिबी आलं असेल असं मला वाटत नाही.

मस्कतच्या अल हैल भागातल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक मेक्सिकन बाई राहायला आल्या होत्या. नवरा तेलाच्या कंपनीत, मुलं मोठी होऊन तिकडेच राहिलेली. लिफ्टमध्ये एकमेकींकडे बघून हसायचं, यापलीकडे आमची ओळख नव्हती. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अगदी शेवटाला आली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी रुवीच्या बाजारातून झेंडू आणला, तोरण केलं, उंबऱ्याबाहेर पाकळ्यांची रांगोळी घातली, आणि साडीच्या निऱ्या सारख्या करत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात ही बाई. एका हातात पेटवलेली मेणबत्ती, दुसऱ्या हातात बशीत गोल पाव. डोळे भरलेले. इंग्रजीत, अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "तुमच्याकडे कोण येणार आहे?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "भाऊ पुण्यात असतो."

"तसं नाही. गेलेल्यांपैकी कोण?"

ऐन लक्ष्मीपूजनाला! माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे आज सण आहे, असं मी तिला तोडूनच सांगितलं. पाव घेतला, कारण बशी पुढे आलीच होती; मेणबत्ती तेवढी घेतली नाही. दार लावलं तेव्हा आतून बाबांनी विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "कुणी नाही, वेड्यांचा बाजार आहे नुसता."

माझ्या मुलीनं फोनवर शोधून मला शहाणं केलं. "आई, त्यांच्याकडे ना, हे फ्लावर्स डेड लोकांसाठी असतात. डोअरपासून आतपर्यंत लावतात, म्हणजे त्यांना घर सापडतं. ती तुला हेल्प करत होती अॅक्च्युअली." मुलीचं मराठी असं आहे, पण मुद्दा तिनं बरोबर पकडला होता. मला ओशाळल्यासारखं झालं. संध्याकाळी पूजा आटोपल्यावर चकल्या, करंज्या आणि शंकरपाळे ताटलीत भरून मी समोर गेले.

तिच्या हॉलमध्ये भिंतीला लागून टेबल, त्यावर खोकं, त्यावर आणखी लहान खोकं, आणि सगळ्यावर पांढरं कापड अशी उतरंड मांडली होती. वर कात्रीनं नक्षी कातरलेल्या रंगीत कागदांच्या पताका. फ्रेममध्ये तिची आजी, तिचे वडील, आणि एक तरुण, मोटारसायकलला टेकून हसणारा. तो भाऊ. पाण्याचा पेला, मिठाची वाटी. मातीच्या धुपाटण्यात लुबान जळत होता. तिच्या देशातला धूप इथे मिळत नाही, पण मत्रहच्या बाजारातला लुबान त्याच्या जवळपास जातो म्हणाली. एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे झेंडू. सगळीकडे हिंडून तिनं शेवटी कागदाची फुलं केली होती, आणि सकाळी लिफ्टमधून बाहेर पडते तर माझ्या दारात खऱ्या झेंडूचा ढीग.

"पाणी कशाला?" मी विचारलं.

"लांबून येतात. तहान लागलेली असते."

हे ऐकल्यावर माझा सगळा ताठा उतरला. मी घरी जाऊन पिशवीतला उरलेला झेंडू आणून तिच्यापुढे ओतला. आम्ही दोघी जमिनीवर बसून पाकळ्या मोकळ्या करत राहिलो. बोलता बोलता माझी आई दीड वर्षापूर्वी गेली हे मी सांगितलं. ती म्हणाली, "मग परवा तिचा फोटो आण. आणि तिला आवडणारा पदार्थ. जागा आहे."

मी हो म्हटलं, आणि पाकळी हातात तशीच राहिली. आईला काय आवडायचं?

बाबांना अळूची भाजी, तीही शेंगदाणे घातलेली. भावाला साबुदाणा वडे. मला गुळपोळी, कडा कुरकुरीत. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण हे सगळं आईनंच लक्षात ठेवून आम्हाला पाठ करून दिलेलं. स्वतः ती शेवटी बसायची आणि जे असेल ते खायची. काय हवं विचारलं की म्हणायची, "मला काहीही चालतं." आम्ही ते खरं मानलं. सोयीचंच होतं ते.

आणि माझ्या मनाला आणखी एक गोष्ट लागून होती. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे मस्कतला आले. सप्टेंबरात पितृपंधरवड्यात, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची नवमी असते, त्या दिवशी मी आईसाठी सगळा स्वयंपाक केला होता. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. बाबांनी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. मस्कतमध्ये कावळ्यांना काय तोटा? रोज सकाळी कचरापेटीवर त्यांची सभा भरलेली असते. त्या दिवशी ते आले, कठड्यावर बसले, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेले. बाबा उन्हात उभे. डोक्यावर पंचा. मी सारखी म्हणत होते, "बाबा, आत चला, चक्कर येईल." शेवटी एका मांजरानं वडा पळवला तेव्हा ते आत आले. "काहीतरी राहिलंय तिचं," एवढंच म्हणाले आणि न जेवता पडून राहिले. तेव्हापासून जेवण निम्म्यावर आलं होतं. गणिताचे मास्तर, आयुष्यभर अशा गोष्टींना हसणारे, पण एका कावळ्यानं त्यांना हरवलं होतं.

भाऊबीजेला मी भावाला फोन लावला. तो खूप वेळ "अं... अं..." करत राहिला, मग म्हणाला, "अळूवडी?" मी म्हटलं, ती तुला आवडते. "मग श्रीखंड?" ते बाबांना. भाऊ रडायलाच लागला. दोन मुलं वाढवली तिनं, आणि दोघांना मिळून एक पदार्थ सांगता येईना.

बाबांना विचारायला मी कचरत होते. आधीच मनाला लावून घेतलेला माणूस. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांना समोरच्या बाईची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शंका काढली, "जिवंत माणसांचे फोटो नाहीत ना मध्ये?" नाहीत म्हटलं. "पाणी ठेवतात?" ठेवतात म्हटलं. "मग ठीक आहे." मी हळूच विचारलं, "आईला काय आवडायचं हो?"

"तिला सगळं चालायचं," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र नसतानाही वर्तमानपत्र वाचत असल्यासारखे समोर बघत बसले.

मला रागच आला. बेचाळीस वर्षांचा संसार आणि उत्तर काय, तर सगळं चालायचं! मी आत जाऊन ताडताड आवाज करत दूध आटवायला ठेवलं. बासुंदी करू. बासुंदी कुणाला आवडत नाही?

संध्याकाळी समोर जायची वेळ झाली. मी डबा भरला, फोटो घेतला. माझ्या बाळंतपणासाठी आई इथे आली होती तेव्हाचा, अल हैलच्या किनाऱ्यावर, साडी घोट्यापर्यंत उचलून लाटेकडे बघून हसतानाचा. चपला घालत होते तर बाबा खोलीतून बाहेर आले. शर्ट बदललेला, केस विंचरलेले.

"तो डबा ठेव," ते म्हणाले. "गाडी काढ."

"कुठे जायचंय?"

"ऑम्लेट मिळेल अशा ठिकाणी."

मी बघतच राहिले. आमच्या पुण्याच्या घरात अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. बाबा इथे राहायला आल्यापासून माझ्या फ्रिजमधूनही अंडी हद्दपार झाली होती. मुलगी शाळेत मैत्रिणींच्या डब्यातलं खायची आणि मी कळून न कळल्यासारखं करायची. पण बाबांच्या चेहऱ्याकडे बघून मी गाडीची किल्ली उचलली. रस्त्याला लागल्यावर ते बोलायला लागले.

"तिचं ऑफिस कॅम्पात होतं ना. दर बुधवारी तिला यायला उशीर व्हायचा. तोंडाला वेलदोड्याचा वास. मी कधी विचारलं नाही. एकदा पावसाचं चिन्ह होतं म्हणून छत्री घेऊन तिला आणायला गेलो. बघतो तर रस्त्यापलीकडे हातगाडीपाशी ही उभी. हातात ऑम्लेट-पाव. गरम होतं, फुंकर घालत होती. वरून मिरची मागून घेतली आणखी. आणि इतकी... इतकी मजेत होती गं. घरी मी तिला असं जेवताना कधी बघितलं नव्हतं."

"मग?"

"मग काय, परत फिरलो. हाक मारली असती तर तिनं ते टाकून दिलं असतं."

मला पुढचा रस्ता दिसेना म्हणून मी गाडी बाजूला घेतली. माझी आजी त्या घरात होती, सोवळंओवळं होतं, सगळं खरं. पण आजी गेल्यावरही कितीतरी वर्षं होती. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तिला सांगायचं ना, की मला माहीत आहे."

"रोज सांगणार होतो," ते म्हणाले. "मग वाटायचं, एवढंच एक तिचं स्वतःचं आहे. तेही कशाला आपण हातात घ्या."

मल्याळी माणसाच्या कॅफेटेरियासमोर गाडी लावली. इथे पाव नसतो, समून असतो, लांबट आणि मऊ. बाबांनी काच खाली करून आपल्या मास्तरकीच्या हिंदीत त्याला सांगितलं, "दो अंडे का. प्याज जादा. मिरची बहुत जादा." परतताना कागदात गुंडाळलेलं ते ऑम्लेट त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

समोरच्या बाईनं दार उघडलं. दारापासून टेबलापर्यंत आमच्या झेंडूची वाट घातलेली. बाबांनी चपला काढल्या आणि पाकळ्यांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चालत गेले. आईचा फोटो त्या मोटारसायकलवाल्या भावाच्या शेजारी ठेवला. कागद सोडून ऑम्लेट बशीत मांडलं, पाण्याचा पेला जरा जवळ सरकवला. बाईनं विचारलं, "हे तिला फार आवडायचं का?" बाबांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. आम्ही बराच वेळ तिथे बसून होतो. बाईनं भावाच्या गोष्टी सांगितल्या, हसली, रडली, पुन्हा हसली. मीही रडले, अगदी मोकळेपणी. आई गेल्यापासून इतकी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बशी घेऊन आली. त्यांच्याकडे सण संपला की ते पदार्थ घरच्यांनी खायचे असतात. जे यायचे त्यांनी वास घेऊन खाल्लेलं असतं म्हणे. मी ऑम्लेट फेकणार नव्हते, पण त्याचं करायचं काय हेही मला कळेना. मुलीला देऊ म्हणून वळले, तर बाबांनी बशी माझ्या हातातून घेतली.

ते गच्चीत गेले. समूनचा एक तुकडा मोडून कठड्यावर ठेवला. या वेळी ते थांबले नाहीत, कावळा आहे की नाही हेसुद्धा त्यांनी बघितलं नाही. आत येऊन खुर्चीवर बसले. उरलेलं समोर धरून त्याच्याकडे क्षणभर बघितलं. ऐंशी वर्षांत ज्यांच्या जिभेला अंडं लागलं नव्हतं त्या माझ्या बाबांनी गार झालेल्या त्या ऑम्लेटचा घास घेतला आणि सावकाश चावत राहिले. मिरचीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, किंवा मिरचीनं नसेलही.

"तरीच," ते म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.