तिसरी हाक

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. अशा सदरांतले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवते आणि आमच्या बायकांना हसवते. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. दिवसभर माप, कापड, काज, बटण... असल्या गोष्टींना वेळ कुणाला आहे? घाबरट आहे, हे मात्र कबूल. पण माझी भीती साधीसुधी – गॅस बंद केला का, तिकीट घेतलं का, हॉस्टेलवर मुलगी जेवली का. कुलूप चार वेळा ओढून बघितल्याशिवाय हिला जिना उतरता येत नाही, असं आमचे हे सगळ्यांना सांगत असतात.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. माझी आई – आम्ही तिला आये म्हणतो – सांगोल्याच्या पुढं एका वाडीत राहते. सत्तरी ओलांडलीय, एका कानानं कमी ऐकू येतं, तरी सात-आठ शेळ्या अजून तिच्या तीच सांभाळते. तिच्या घरात चहाच्या पुडीचा एक पत्र्याचा डबा आहे, झाकणावर चारमिनारचं चित्र. मला कळायला लागल्यापासून तो तिथंच, चुलीशेजारच्या फळीवर. कधी काही मागितलं नाही त्या बाईनं. दिवाळीनंतर आमच्याकडे शुक्रवार पेठेत राहायला आली आणि एकदम म्हणाली, "त्या डब्यावरचं मला येकदा बगायचं हाय. डोळं हायत तवर."

यांना कामामुळं सुट्टी नव्हती. मग मीच निघाले तिला घेऊन. एक रात्र लॉजवर, दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत. माझा जीव आधीपासूनच वर-खाली, कारण आयेचा एक नियम आहे. आमच्या भागातल्या जुन्या बायका पाळतात, तुम्हीही ऐकला असेल. दिवेलागणीनंतर किंवा आपल्या शिवाराबाहेर कुणी हाक मारली, तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही आणि वळूनही बघायचं नाही. माणूस असेल तर तिसरी मारतंच. दुसरं काही असेल तर ते दोनवर थांबतं, तिसरी हाक त्याला मारता येत नाही म्हणे. बाकीच्या बायका हे सोयीप्रमाणं पाळतात. आयेनं मात्र कधी म्हणजे कधी मोडलं नाही. सोलापूरच्या भाजी मंडईतसुद्धा मी तिच्यामागं तीन-तीनदा ओरडत फिरते आणि लोक बघत राहतात.

जाताना ती खिडकीशी बसून होती. होटगी गेलं, वाडी जंक्शन गेलं, तांडूरच्या फरशीच्या खाणी गेल्या. मी तिकिटं पर्समधून काढून पुन्हा आत ठेवत होते. ती मात्र बाहेरची मेंढरं बघून खूश. हितली मेंढरं लई बारीक हायत, चारा न्हाय वाटतं, असं तिनं मला दोन-तीनदा सांगितलं.

चारमिनारपुढं ती पदर सावरून नुसती उभी राहिली. वर चढायचं का विचारलं तर नको म्हणाली. डब्यावर हे लहान दिसत हुतं, एवढंच बोलली. पण डोळे भरले होते. मला वाटलं, ऊन लागत असेल. मग शेजारच्या बांगड्यांच्या बाजारात शिरलो. तिथं ती एका दुकानापाशी रेंगाळली, मी गर्दीत पुढं निघून गेले आणि मागं वळून बघते तर आये दिसेना. मी परत फिरले. दिसली तेव्हा हाक मारली – अर्थातच तिसऱ्या हाकेला वळली. मी चिडून म्हटलं, इथं तरी सोड ना हे. ती खड्यांच्या लाखेच्या बांगड्या घेत होती. दुकानदारानं विचारलं, "बच्ची कित्ती बड़ी है अम्मा?" आपल्या सोलापुरातले मुसलमान शेजारी बोलतात तसंच त्याचं बोलणं, त्यामुळं आयेला कळलं. तिनं कमरेच्या जरा वर हात धरून दाखवला. एवढी.

मी हसले. माझी मुलगी कॉलेजात आहे, माझ्यापेक्षा उंच. म्हटलं आये, या तिच्या मनगटात जायच्या नाहीत. "आसू दे," म्हणाली आणि बांगड्यांची पुडी कनवटीला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनवर आलो. गाडी लागायला वेळ होता. नेहमीचा नाही, दुसऱ्याच प्लॅटफॉर्मला लागणार, असं कुणीतरी म्हणालं. आयेला बाकावर बसवलं, बॅगा पायाशी ठेवल्या, हितनं हलायचं नाही म्हणून दोनदा बजावलं आणि चौकशी करायला गेले.

परत आले तर बॅगा होत्या. आये नव्हती.

शेजारच्या बाईंनी हातानंच प्लॅटफॉर्मच्या टोकाकडं दाखवलं. मी धावले. समोरच्या प्लॅटफॉर्मला एक गाडी लागली होती, आपल्याच गाडीच्या रंगाची. आयेला वाटलं, हीच. आणि आमच्या गावाकडच्या स्टेशनवर पुलावरून जातं कोण? टोकाचा उतार उतरायचा, रूळ ओलांडायचे, पलीकडं चढायचं. बायका, पाट्या, शेळ्या सगळं तसंच जातं. ती तेच करत होती. हिरवं इरकल लुगडं, काखेत गाठोडं, उतार संपवून रुळाकडं निघालेली. आणि तिच्या ऐकू न येणाऱ्या कानाच्या बाजूनं गाडी येत होती.

मी जीव खाऊन ओरडले, "आये!"

ती थांबली नाही. पुन्हा ओरडले. ती चालतच राहिली, वळूनही बघितलं नाही. तिनं ऐकलंय हे मला तिच्या पाठीवरून कळलं – हाक ऐकून न वळताना ती मान जरा ताठ करते, लहानपणापासून बघतेय मी. तिसरी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. नुसती हवा बाहेर पडली. मी पदर तोंडात कोंबला आणि बघत राहिले... जिवंतपणी मरण म्हणतात ते काय असतं, ते मला त्या क्षणी कळलं.

आयेचा एक पाय पुढं पडला होता. तो तिनं मागं घेतला आणि वळली. माझ्याकडं नाही. तिच्या उजवीकडं, जिथं पार्सलांची पोती रचून ठेवली होती, तिकडं. तिचे ओठ हलले. तेवढ्यात गाडी आली आणि मी डोळे मिटले.

डबे किती होते कोण जाणे, संपता संपेनात. गाडी गेली तेव्हा ती तिथंच उभी होती, पोत्यांकडं तोंड करून. एका हमालानं धावत जाऊन तिचा दंड धरला होता. मी पोचले आणि तिला मिठी मारून रडायलाच लागले. हमाल आधी मला ओरडला, मग पोत्यांमागं वाकून बघत म्हणाला, "वो बच्ची किदर गई? अबी तो बुलारी थी अम्मा को."

मी म्हटलं, मीच हाका मारत होते भाऊ. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. बच्ची म्हणण्यासारखं माझ्यात काय आहे, तुम्हीच सांगा. पोत्यांमागं भिंत होती. दुसरं काही नव्हतं.

गाडी पकडली. तांडूर मागं पडलं. शेवटी तिच्यावर राग काढला. तुझ्या त्या नियमापायी आज मेली असतीस, म्हटलं. आये शांतपणे म्हणाली, "तिसरी आली म्हणून तर थांबले की."

"तिसरी मी मारलीच नाही आये. माझा आवाजच बसला."

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुझ्या दोनच हुत्या."

मग ती खिडकीबाहेर बघतच बोलली. मला माझ्या आधीची एक बहीण होती, शेवंता. मी पाळण्यात असताना ती विहिरीत पडून गेली, एवढंच मला माहीत होतं. घरात तिचं नाव कुणी काढायचं नाही. ते पूर्ण मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दिवस बुडाला होता. आये ओढ्याकाठी शेळ्या गोळा करत होती, शेवंता चुकलेलं करडू शोधायला विहिरीकडं गेलेली. तिकडून हाक आली. आये, म्हणून. मग आणखी एक.

"मी हुबी ऱ्हायले," आये म्हणाली. "तिसरीची वाट बगत."

मी तिचा हात धरला. तिनं कनवटीची पुडी काढली, बांगड्या मांडीवर ठेवल्या आणि त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली. डब्यावरचं चित्र बघून ती पोर रोज विचारायची म्हणे, आये, हे कुटं हाय, आपन कदी जायाचं?

"तिची तिसरी ऱ्हायली हुती की गं," आये म्हणाली. "आज मारली तिनं. मी ओ दिली."

हे म्हणतात, स्टेशनवर शंभर पोरं असतात, एखाद्या मराठी पोरीनं तिच्या आईला हाक मारली असेल. असेलही. पण एवढ्या आवाजात, गाडी अंगावर येत असताना, एका कानानं बहिऱ्या बाईला ती ऐकू कशी आली? हमालानं कुणाला बघितलं? पोत्यांमागून ती गेली कुठं? मी रात्र-रात्र विचार करते. खरं सांगायचं तर उत्तर शोधायची आता भीती वाटते.

परवा वाडीला गेले होते. दिवस मावळला होता, आये गोठ्याच्या मागं शेळ्या बांधत होती. बांगड्या चारमिनारच्या डब्यात ठेवल्यात, ते मी आधी बघून आले. मग कुंपणापाशी उभी राहून हाक मारली.

"ओ," ती म्हणाली. पहिल्याच हाकेला.

सगळ्या जन्मात असं कधी झालं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या अंगावर काटा आला, कारण आता ती कुणालाही ओ देईल. अंधारात, ओढ्याकाठी, विहिरीकडून... कुणीही एकदाच बोलावलं तरी जाईल. मी काही मानत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलंय. तरी मी पुन्हा हाक मारली, आणि मग तिसरी.

"दिली की ओ," आये शेळीच्या मागून वाकून बघत म्हणाली. "किती वरडतीस?"