वाचलं ते खायचं

आमच्या घराण्यात वाईट बातमी मला लिहून कळवत नाहीत. मी ती वाचून संपवेपर्यंत अंत्यविधी उरकलेला असेल, अशी सगळ्यांची खात्री आहे आणि ती अगदीच चुकीची नाही. त्या दिवशी सकाळी घरच्या ग्रुपवर धडाधड मेसेज पडत होते, तरी रत्नाताईने मला वेगळा फोन केला. "मिलिंदा, ग्रुप उघडू नको. आधी माझं ऐक," एवढं म्हणून ती थांबली. तिच्या थांबण्यातच मला कळलं... तिची आई, माझी कौतिकआत्या, गेली होती. गंगाखेडला, स्वतःच्या घरात, सकाळचा चहा पिऊन. "बशी विसळली, कप पालथा घातला अन् मग टेकली रे," ताई रडत रडत सांगत होती, "कुणाला खरकटं काढायला लावायचं न्हाई, हेच डोक्यात." मग आम्ही दोघंही हसलो आणि हसल्याबद्दल दोघांनाही वाईट वाटलं. आत्याच्या बाबतीत हे आमचं नेहमीचंच. ती समोर असली की रडण्याचे प्रसंगसुद्धा नीट पार पडत नसत. त्याला आता दीड महिना होत आला.

कौतिकआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. उंच, आवाज स्टेशनपर्यंत ऐकू जाईल असा. मामा, म्हणजे तिचे यजमान, त्याच स्टेशनात कामाला होते आणि घरी बोलायची पाळी आपल्यावर कधीच येणार नाही हे ओळखून गप्प बसायचे. बाबा बोरीच्या शाळेत मास्तर. आमच्या घराण्यात पाटी-पेन्सिल हाती धरलेला तो पहिला माणूस. अर्ध्या बोरीला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं. उरलेल्या अर्ध्यात मी होतो.

सत्तरचं दशक संपायला आलं होतं, मी तिसरीत होतो आणि मला वाचता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे अजिबात नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं जत्रेतल्या माणसांसारखी इकडून तिकडे जायची. ज्याला 'ब' म्हणून ओळख द्यावी तो पुढच्या ओळीत 'क' होऊन बसलेला. त्यात माझं नाव. दोन वेलांट्या आणि वर अनुस्वार! बाळाचं नाव ठेवताना बाळाला विचारत नाहीत, ही मोठीच चूक आहे. पण कान माझे पक्के होते. धडा एकदा ऐकला की पाठ. मग मी पुस्तक हातात धरून घडाघडा म्हणायचो. पुस्तक उलटं धरलं तरी धडा सुलटाच यायचा. वर्गावरचे मास्तर बाबांचे स्नेही. ते म्हणायचे, "गुरुजींचा पोरगा, येणारच." असं करत करत मी तीन इयत्ता चढलो.

हे बिंग फुटलं देवगाव फाट्यावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा मला घेऊन आत्याकडे निघाले होते. परभणीच्या स्टँडवर बस बदलायची होती. लग्नसराईची गर्दी. त्या काळी खिडकीतून टॉवेल आत टाकला की जागा आपली, हा कायदा होता आणि तो सगळे पाळत. बाबांनी माझ्या हातात टॉवेल दिला आणि म्हणाले, "पळ, पाटी वाच अन् जागा धर." मी पळालो. चार-पाच गाड्या उभ्या. एका पाटीवर मला ओळखीचा 'ग' दिसला. गंगाखेडमध्ये 'ग' असतो हे मला ऐकून माहीत होतं. टाकला टॉवेल. बाबा पोराच्या चपळाईवर खूश होऊन खिडकीशी बसले, माझ्या हातात सुटे पैसे दिले आणि डोळे मिटले. कंडक्टर आल्यावर मी ऐटीत म्हणालो, "एक अख्खं, एक अर्धं. शेवटपर्यंतचं." गंगाखेड शेवटी येतं, हेही मला माहीत होतं.

शेवट आला तेव्हा बाबा उतरले आणि गंगाखेडची गोदावरी शोधायला लागले. तिथे होता तो एक फाटा, दोन हॉटेलं आणि बरीच धूळ. कंडक्टर त्यांना ओळखत असावा. "गुर्जी," तो अदबीने म्हणाला, "जरा पाटी वाचून बसावं मानसानं."

बाबांनी मला हॉटेलच्या बाकड्यावर बसवलं. भजी मागवली. भज्यांखालचा कागद माझ्यासमोर सरकवून म्हणाले, "वाच." मी भज्यांकडे बघत राहिलो. "एक ओळ." मी भजी मोजायला लागलो. "एक अक्षर तरी, मिलिंद..." त्यांनी मारलं नाही. शाळेत निकाल सांगतात त्या आवाजात म्हणाले, "जूनपर्यंत वाचायला आलं नाही, तर तुला परत पहिलीत बसवीन. माझ्याच वर्गात." पहिलीत त्या वर्षी माझी धाकटी बहीण जाणार होती. ती माझ्या शेजारी बसून मला 'आ आईचा' शिकवते आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला भजी गिळवेनात.

रात्री गंगाखेडला पोचलो. सगळी हकीकत ऐकून आत्या आधी पोट धरून हसली. "पाटी वाचायचं मास्तराला सुचलं न्हाई अन् पोराला शिक्षा? वा रं गुर्जी!" सख्ख्या भावाला ती गुर्जीच म्हणायची. मग तिने माझ्याकडे बघितलं. मला जवळ ओढून हळूच विचारलं, "हलतात का रं?"

"काय?"

"अक्षरं."

मी मान हलवली. "मला बी हालायची," ती म्हणाली. "पर आमचं कोन बघायलंय तवा. पोरीला डोकं न्हाई म्हनले अन् सुटले." बाबांना ती म्हणाली, "ह्याला ठिव हितं. जूनात ये."

आत्याला काही एक पद्धत वगैरे माहीत होती, असा कुणी समज करून घेऊ नये. पहिले काही दिवस तिने जे केलं, त्याने मला येत होतं ते थोडंफारही मी विसरलो. अंगणात पाण्याने अक्षर काढायला लावलं. उन्हात ते शेवट गाठायच्या आत सुरुवातीकडून वाळायचं. सुपात ज्वारी पसरून बोटाने काढायला लावलं, तर कोंबड्यांनी अभ्यास संपवला. एकदा तर तिने मला डोक्यावर उभं केलं, अक्षरं उलटी दिसतात तर पोरगंच उलटं करून बघू म्हणून. मामांनी पेपरातून डोकं वर काढून बघितलं आणि पुन्हा खाली घातलं. शेवटी ती कंटाळली. "जाऊ दे. कुरडया करायच्यात. हात धुऊन ये."

ज्यांनी कुरडया केल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून त्याचा आंबूस चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि गरम गरम सोऱ्यात भरून बाजेवर पसरलेल्या धोतरावर गोल गोल घालायच्या. आत्याचा सोऱ्या पितळी, वर फिरवायचा दांडा. तिने दांडा फिरवायचा आणि मी फडक्यात गुंडाळलेला सोऱ्या दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायचा, असं ठरलं. माझ्या हाताला गोल जमेना. पहिलीच कुरडई वाट सोडून निघाली, एक वळसा इकडे, एक तिकडे.

"आरं, कुरडई हाय का गांडूळ?" आत्या ओरडली. मग कमरेवर हात ठेवून वाकून बघायला लागली. "आगं बया... ह्यो तर ळ झाला!"

मी बघितलं. ळ माझ्या हातातून निघाला होता. गरम, जाड, आंबूस वासाचा. तो हलत नव्हता. धोतराला चिकटून बसला होता, जाणार कुठे? मी बोट फिरवलं, तर पोळलं आणि आत्याने पाठीत एक धपाटा घातला, पण अक्षर कळलं. शिक्षणाची सुरुवात ळ पासून झालेला जगात मी बहुधा एकटाच असेन. त्या अक्षराने सुरू होणारा एकही शब्द नाही, हे मला फार नंतर समजलं.

त्या वर्षी आत्याच्या घरी गोल कुरडई झालीच नाही. सगळा चीक बाराखडीत गेला. काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या वाळवल्या. नियम एकच. सुपावर फडकं झाकायचं, खाली हात घालायचा, बोटांनी चाचपून अक्षर ओळखायचं. वाचलं ते खायचं. आत्या लगेच तळून द्यायची. नाही वाचलं तर ते मामांच्या ताटात. सुरुवातीला मामांचं वजन वाढलं. एकदा शेजारची बकरी अंगणात शिरली आणि 'क' पासून 'ङ' पर्यंत सगळं खाऊन गेली. आत्या काठी घेऊन धावली आणि फाटकातून ओरडली, "आगं तुझ्या बकरीचं नाव घाल शाळेत! माझ्या पोराच्या फुडं गेली ती!" मला हसू आलं, पण तेवढंच वाईटही वाटलं, कारण बकरी जे एका दमात शिकली त्याला मला आठवडा लागला होता. आत्याला ते दिसलं असावं. रात्री जेवताना ती म्हणाली, "बकरीला इचार बरं 'ग' कंचा. न्हाई सांगणार. खाल्लं म्हंजी आलं, असं नसतंय मिल्या."

जून उजाडला आणि बाबा आले. पिशवीत तिसरीचं पुस्तक. पाणीसुद्धा न पिता त्यांनी मधलंच पान उघडलं. मी बघितलं आणि अक्षरं पुन्हा जत्रेला निघाली. बाबांनी पुस्तक मिटलं. रागावले नाहीत, तेच वाईट होतं. "चल," ते म्हणाले, "तुझे कपडे भर."

"जेवल्याबिगर कोन जायलंय?" आत्या आडवी आली. "अन् गुर्जी, पोराची परीक्षा तुमच्या पुस्तकात न्हाई. हितं घ्या." तिने सूप आणलं, फडकं आणलं. बाबा हसले, ते मास्तर लोक दुसऱ्याच्या पद्धतीला हसतात तसं. "पाठ करून घेतलं असशील, आक्का. ह्याचं पाठांतर चांगलं आहे."

"मग तुमीच घाला की शब्द. आमी भिताडाकडं तोंड करतो."

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागे बाबा अक्षरं शोधत होते, काने-मात्रे जुळवत होते, वाळलेल्या कुरडयांचा कुरकुर आवाज येत होता. आत्याने माझा हात घट्ट धरला होता. इतका वेळ लागला की मला वाटलं बाबा अख्खा धडाच मांडताहेत. मग त्यांनी फडकं टाकलं. मी हात आत घातला. पहिलं अक्षर पोटाशी वळलेलं, खाली शेपूट. त्याच्या डोक्यावर एक काडी... दे. मग व. मग तो 'ग', माझा जुना ओळखीचा, ज्याने मला गोत्यात आणलं होतं. पुढे काना. माझं बोट पुढे सरकत गेलं आणि कान लाल होत गेले.

"देवगाव," मी म्हणालो. "...फाटा."

मी वळून बघितलं, तर बाबा हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, चष्मा काढून. मग आत्या हसायला लागली आणि मग मामासुद्धा, त्यांचा आवाज मी त्या सुट्टीत पहिल्यांदा ऐकला. आत्याने सूप उचललं आणि तशीच चुलीकडे गेली. "नेम म्हंजी नेम. पर ज्यानं मांडलं, त्यानं खायचं." त्या दुपारी बाबांनी देवगाव फाटा आमटीत बुडवून खाल्ला.

मी पहिलीत बसलो नाही. बाबांनी शाळेतल्या मास्तरांना सांगितलं की मिलिंदला बोट ठेवून वाचू द्या, घाई करू नका, उत्तरं तोंडी विचारा. एवढं सांगताना त्यांना किती जड गेलं असेल, ते मला आता कळतं. मी हळूहळू वाचत राहिलो, अजूनही हळूहळूच वाचतो. हा लेखसुद्धा मी मोबाइलला सांगितला आहे, त्याने लिहून घेतला आहे. चुका त्याच्या.

पुढे माझा मुलगा चौथीत असताना त्याच्या शाळेतल्या समुपदेशक मॅडमनी आम्हाला बोलावलं. पोर हुशार आहे, पण अक्षरं ओळखताना गोंधळतं, ह्याला अध्ययन अक्षमता म्हणतात, हा मंदपणा नाही, आळस नाही, वगैरे त्या सांगत होत्या आणि मी बघतच राहिलो, कारण त्या माझंच वर्णन करत होत्या. अक्षर वाळूत काढून घ्या, मातीचं करा, हाताला कळू द्या, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, "मॅडम, कुरडई चालेल का?" बायकोने मला टेबलाखालून लाथ मारली. घरी येऊन आत्याला फोन केला, म्हटलं, आत्या, आपल्या त्या गोष्टीला नाव आहे. ती "बरं झालं बाबा," म्हणाली, "इतकी वर्सं बिननावाचंच हिंडायलं होतं." आणि पुढच्याच एसटीने सोऱ्या घेऊन आली.

दर वर्षी मे महिन्यात तिच्याकडून कुरडयांचा डबा यायचा. सगळ्या गोल, आणि तळाशी कागदात गुंडाळलेलं एखादं अक्षर. कधी 'मि', कधी माझ्या पोराचं. ते मी चाचपून वाचायचो, फोन करून सांगायचो, मग तळून खायचो. नियम म्हणजे नियम.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आत्यासाठी सगळ्यांनी जमून वंदना घ्यायच्या, दिवशी रत्नाताईने माझ्या हातात डबा दिला. "उन्हाळ्यात केल्ता तिनं. हात लय थरथरायचा, पर कुणाला सोऱ्या धरू द्यायची न्हाई. द्यायचं राहून गेलं बघ." घरी आल्यावर बायकोने तळाचा कागद उलगडला. वेडंवाकडं, तुटक काहीतरी होतं. "मोडलेली आहे हो कुरडई," ती म्हणाली. मुलाने चष्मा लावून बघितलं, त्यालाही काही कळेना. मी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. एक वळसा, खाली गाठ, शेजारी पोट फुगलेलं, मग एक दांडा. आणि त्याच्या पुढे अजून एक दांडा, काना, थरथरत थरथरत खालपर्यंत आणलेला.

खा.

"काय आहे?" दोघांनी विचारलं. कढई चुलीवर होतीच.

मी ते परत कागदात गुंडाळलं आणि डबा फडताळात आमच्या घरच्या सोऱ्याशेजारी ठेवला. बायको मधून मधून विचारते, लागलं का वाचायला? मी सांगतो, नाही अजून. अवघड अक्षर आहे, मला वेळ लागतो, तुला माहीतच आहे.