अव्होयेल्स पॅरिशची पाटी आणि आमचं आडनाव

"बाबा, ऑफिसात मी आता फक्त केतकी के." रविवारी पोहे खाता खाता लेकीनं जाहीर केलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कुंभवडेकर! आपल्या गावाचं नाव आहे ते, छाटायला शेपूट नव्हे!

धडा शिकवायचा म्हणून तिला गाडीत घातलं आणि लुइझियानाला निघालो. तिथे काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, पॅरिश म्हणतात. अव्होयेल्स पॅरिशचं नाव तिथल्या मूळ लोकांवरून पडलं, पण जुन्या कागदांत ते कुठे अव्होयेल, कुठे अव्होयेल्स, कुठे आणखीच काही. नावाची हेळसांड कशी होते, ते पोरीनं डोळ्यांनी बघावं!

टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडहून चार-साडेचार तास लागतात. लाफायेटपर्यंत ट्रकच ट्रक, तिथून उत्तरेला वळलात की रस्ता मोकळा. वाटेत गॅस स्टेशनवर बूदँ मिळतं, म्हणजे भात आणि पोर्क भरलेलं सॉसेज. गरम असतानाच खा.

पॅरिशच्या मुख्य गावातलं म्युझियम दोन खोल्यांचं, तिकीट नाही. पाटीवर नावाची सगळी रूपं, अर्थ बहुधा 'गारगोटीची माणसं', आणि खाली: 'हे लोक आता नामशेष झाले.' कमाल झाली! नाव वापरायचं आणि माणसं पुसून टाकायची? मी तणतणत बाहेर पडलो.

समोरच्या हॉटेलात गंबो, म्हणजे तिथलं दाट मसालेदार सूप, मागवला. शेजारच्या टेबलावरच्या आजींशी म्युझियमवरून गप्पा झाल्या आणि आपल्या सवयीनं मी विचारून बसलो, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "हेच. पाटीवर नामशेष केलेत ना, ते आम्हीच."

"बाबा, सीरियसली? 'रिअली कुठली?' असं मला कोणी विचारलं की तूच भडकतोस ना यार!" केतकी म्हणाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली. आजी हसल्या, आमचं आडनाव विचारलं आणि जमेपर्यंत म्हणत राहिल्या. ते गावाचं नाव आहे कळल्यावर केतकीकडे वळल्या. "कसं आहे गं तुझं गाव?"

"नेव्हर बीन. आम्ही दरवेळी पुण्यातूनच परत येतो. बाबा म्हणतो, पुढे रस्ता खराब आहे."



घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच म्युझियमला फोन केला. ती माणसं तुमच्या समोरच्या हॉटेलात जेवतात, पाटी बदला, म्हणून चांगलं खडसावलं. फोन ठेवला तर केतकी मागे उभी.

"बरं केलंस. आता मला कुंभवडे दाखव. मग आडनावाचं बघू."