ओ आली तरच सही

कोर्टामागच्या त्या वकिलांकडे मी सारखी जाते, कारण मुलीकडे कॅनडात कायमचं राहायला जायचं तर कागदपत्रं बिनचूक हवीत. मी एकेक कागद वाचते, ते डोळे मिटून ऐकतात. कागद उडू नयेत म्हणून भर उन्हातही पंखा बंद असतो.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर लग्नात बदललेलं सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र जोडलं नाही तर अर्ज परत येणार.

"ताई, आता जुन्या नावानं हाक मारतो. ओ आली तरच सही घेणार," ते म्हणाले.

"वकीलसाहेब, कशाला उगाच वेळ घालवताय?"

"कागद काय, कुणाचाबी हुतोय. मला खात्री पायजे की!"

आणि मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी हाक मारली, आमच्या गडहिंग्लजकडे शेतातून मारतात तशी, लांबवून. "सुमेऽऽ!"

आई गेल्यापासून मला असं कुणी बोलावलं नव्हतं. खोलीतला उकाडा कुठेतरी गेला. उसाची पानं सळसळल्यासारखी वाटली. माझ्या तोंडून बारीकशी ओ निघाली.

"हाय, बाई तीच हाय," म्हणत त्यांनी कागद पुढे सरकवला.

मी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.

"अजून एकदा हाक मारा," मी म्हणाले.