वरून कसं दिसतं

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. समोरासमोर भेटलो असतो तर मी तुम्हालाही तीच जुनी गोष्ट ऐकवली असती — हसत, हातवारे करत — आणि तुम्हाला ती खरी वाटली असती. मी गोष्ट चांगली सांगतो. सगळा घोळ तिथंच आहे.

गुरुग्राममधल्या एका छोट्या कंपनीत मी होतो. आम्ही उडती टॅक्सी बनवत होतो. विजेवर चालणारी, धावपट्टी न लागणारी, गच्चीवरून सरळ वर जाणारी आणि दुसऱ्या गच्चीवर सरळ उतरणारी. यंत्र बनवणारे इंजिनिअर वेगळे; माझं काम ते विकायचं. म्हणजे जे अजून झालंच नव्हतं, ते विकायचं. 'कनॉट प्लेसला बसा आणि हातातला चहा गार व्हायच्या आत गुरुग्रामला उतरा' — हे वाक्य माझं. मला त्याचा फार अभिमान होता. संध्याकाळचा तो रस्ता ज्यांनी भोगलाय त्यांना पुढचं काही सांगावंच लागायचं नाही.

या धंद्याला भविष्य आहे का, असं लोक मला अजून विचारतात. असेल की. बॅटऱ्या हलक्या होतील, परवानग्या मिळतील. आधी त्यातून पेशंट नेतील, मग पैसेवाले जातील, मग जमलंच तर आपण. त्याबद्दल मी जे काही बोललो त्याची मला लाज वाटत नाही. स्वप्नं विकणं हा गुन्हा असता तर अर्धं गुरुग्राम आत असतं. मला लाज वाटते ती त्याहून फार लहान गोष्टीची. एका माणसाला दिलेल्या एका उत्तराची.

थांबा, आधी फिल्मचं सांगतो. हो, हेसुद्धा टाळणंच आहे, कळतंय मला. पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

गुंतवणूकदारांना दाखवायला फिल्म करायची होती. मानेसरच्या पुढे एक मैदान भाड्यानं घेतलं. मी सूट घालून यंत्रात चढलो, पट्टा बांधला, काचेतून अंगठा दाखवला. कॅमेरा बंद. मी खाली उतरलो. मग यंत्र रिकामंच वर गेलं, खालून रिमोटनं चालवलेलं. दोन-तीन घिरट्या घालून उतरलं. मी पुन्हा आत जाऊन बसलो, कॅमेरा चालू झाला आणि मी दार उघडून हसत बाहेर आलो. केसही जरा विस्कटून घेतले होते. सगळं जोडल्यावर असं दिसायचं, की मी आकाशात फिरून आलो. फिल्ममध्ये तसं कुणी म्हणत नाही बरं का. आमच्या वकिलानं तेवढी काळजी घेतली होती.

खराच माणूस का नाही बसवला? कारण आधीच्या आठवड्यात सीटवर माणसाच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवून पाहिलं होतं. दिल्लीतला मे महिना. यंत्र वर गेलं खरं, पण बॅटरी तापली, इशाऱ्याचे दिवे लागले आणि ते इतक्या घाईनं खाली आणावं लागलं, की आपटलं. एक गोणी फुटली. मी तिथंच उभा होतो. फिल्मच्या दिवशी ज्या सीटवर बसलो तिच्या फटीत ती वाळू अजून होती. सुटाला लागली ती मी हातानं झटकली.

ही फिल्म आमच्या मराठी लोकांत फिरली. बायको केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो, आणि तिथून मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो नाही असं एक वर्ष जात नाही. त्या वर्षी मी तिथला हिरो होतो. पोटात गोळा आला का हो, असं कुणीतरी विचारलं. छे, लिफ्टसारखं वाटतं, असं मी म्हणालो. इतकं सोपं असतं ते.

तिथंच संपत होता. संपत जगदाळे, साताऱ्याकडचा, हवालदार, सैन्यातल्या हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. राहायला कॅन्टोन्मेंटमध्ये. आरतीत सगळ्यांत मोठा आवाज त्याचा आणि सगळ्यांत जास्त चुकाही त्याच्याच. गप्पिष्ट, खादाड, थोडा बढाईखोर — मला आवडायचा. कंपनीला देखभालीसाठी सैन्यातला माणूस हवा होता. त्याचं नाव मीच सुचवलं.

पण त्याची नायब सुभेदारीची पाळी आली होती. बाप हवालदार म्हणून निवृत्त झालेला, दोन्ही चुलतेही. खांद्यावर तारा लावून गावी जाणारा घरातला पहिला माणूस संपतच ठरणार होता. गावाहून त्याची आई वैशालीला, म्हणजे त्याच्या बायकोला, फोनवर आत्तापासूनच 'काय सुभेदारीणबाई' म्हणायची. आमच्याकडे यायचं तर बढती नको असं लिहून देऊन बाहेर पडावं लागणार होतं. एकदा सोडलं की संपलं. परत जाता येत नाही.

दिल्लीत कोपर्निकस मार्गावर मराठी जेवण मिळतं, तिथं मी त्याला जेवायला नेलं. त्यानं पगाराचं विचारलं नाही. त्यांच्या युनिटमध्ये एक रिवाज होता: हेलिकॉप्टर पूर्ण खोलून पुन्हा जोडलं, की पहिल्या उड्डाणाला जोडणारा मेकॅनिक पायलटबरोबर स्वतः बसतो. दुसऱ्याला बसवायच्या आधी आपण बसायचं. संपतच्या लेखी एखादं यंत्र खरं की खोटं, हे ठरवायची ती एकच रीत होती. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून त्यानं विचारलं, "साहेब, फिल्मचं जाऊ द्या. तुम्ही स्वतः वर गेला होता ना? पक्का?"

मी म्हणालो, "बिल्कुल."

हेच ते. एवढंच. इतकी वळणं घेऊन मला जे सांगायचं होतं ते हे. मी वर गेलो नव्हतो. माझ्या जागी गेलेली वाळूची गोणी फुटली होती, आणि ते मला माहीत होतं.

कुणी दबाव टाकला होता का? नाही. माझा वरिष्ठ समोर नव्हता, वकील नव्हता, कॅमेरा नव्हता. फक्त तो होता आणि माझ्याकडे कौतुकानं बघत होता. ते कौतुक मला जाऊ द्यायचं नव्हतं. खरं तर मी आणखी एक वाक्य जोडलं — वर असताना कपातला चहासुद्धा हलला नाही. कोणता कप? कोणता चहा?

त्यानं लिहून दिलं. क्वार्टर सोडलं, मुलीची शाळा बदलली आणि गुरुग्रामला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तो आला तेव्हा जुनं यंत्र सुटं करून ठेवलेलं होतं, नवं जोडायचं होतं. गोण्यांची चाचणी पाहिलेल्या दोन इंजिनिअरांना मी बाजूला घेऊन बजावलं, की जुन्या चाचण्यांबद्दल नव्या माणसांशी बोलायचं नाही, वकिलांनी सांगितलंय. वकिलांनी काही सांगितलं नव्हतं. संपत रोज म्हणायचा, पहिल्या उड्डाणाला मी बसणार. बायकोला, आईला, कंपनीच्या ड्रायव्हरला, सगळ्यांना सांगत सुटायचा. तो दिवस आला असता तर मी तोंड उघडलं असतं का? माहीत नाही... खोटं. माहीत आहे. मी त्याला बसू दिलं असतं.

तो दिवस आला नाही. नवं यंत्र अर्धवट असतानाच गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला आणि कंपनी बंद झाली. मला महिन्याभरात दुसरी नोकरी लागली. संपत आता एका उंच सोसायटीत लिफ्टच्या देखभालीला आहे. त्याच्या मागचा एक हवालदार नायब सुभेदार झाला. त्याच्या पार्टीला संपत गेला नाही. मला मात्र भेटला की अजून तितक्याच प्रेमानं भेटतो. एकदा कुणीतरी त्याच्यासमोर म्हणालं, की त्या कंपनीचं सगळं बोगस होतं. तर हा भांडायला उठला. म्हणाला, आमचे साहेब स्वतः बसले होते त्यात.

मी तिथंच बसलो होतो. ताटातला भात कालवत.

यंदाच्या गणपतीत, दुपारच्या पंगतीत, वैशालीवहिनी वाढत होत्या. संपतला सुट्टी मिळाली नव्हती. पंगत संपत आली तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, कळलं यांना. खरं सांगतो, क्षणभर हलकं वाटलं. वाटलं, आता त्या बोलतील आणि मला सांगावं लागणार नाही.

त्या म्हणाल्या, "दादा, एक विचारायचं होतं. यांना विचारते, पण तुमच्या त्या टॅक्सीतून यांनी कुठं पाहिलंय. आम्ही सगळं सोडून आलो ना त्यापायी, म्हणून... वरून कसं दिसतं हो?"

राग नव्हता आवाजात. टोमणाही नव्हता. त्यांना खरंच ऐकायचं होतं. ज्याच्यासाठी तारा गेला, घर गेलं, ते निदान होतं तरी कसं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि मी सांगितलं. गाड्या मुंग्यांसारख्या दिसतात, म्हणालो. शेतं हिरवी दिसतात, पार क्षितिजापर्यंत. दूर यमुना चमकते. आवाज असा येतच नाही, म्हणालो, आपण तरंगतोय असं वाटतं. मी चांगलं सांगतो. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "छान असणार," आणि माझ्या पानात आणखी एक मोदक वाढला.

मी तो खाल्ला.