जाड बुडाची काठी

आमच्या गोल्फ मैदानावर काठ्यांची पिशवी वाहणारा पडेगावचा कॅडी सल्ला देत नाही. पायानं गवत दाबून बघतो आणि काठी पुढं करतो. परवा स्पर्धेत माझा चेंडू उंच गवतात गेला. त्यानं माझी जुनी हायब्रिड काढली. जाड बुडाची 'वुड' आणि पातळ पात्याची लोखंडी काठी यांचा मेळ घालून या काठ्या नव्यानं निघाल्या तेव्हाची ती. चौघांत मला तिची लाज वाटायची, म्हणून मी चकचकीत लोखंडी काठी ओढून घेतली. चेंडू हातभर सरकला. त्यानं पुन्हा तीच जुनी पुढं केली. या वेळी चेंडू उसळून थेट झेंड्यापाशी पडला.

तिचं जाड बूड पुसत तो म्हणाला, "वजन समदं खाली हाय, गवतात अडकत नाय. हिच्या बनवणाऱ्यानं आधी गवत बघितलंय, साहेब. तुम्ही आधी लोकं बघता."