सुमनचं माप

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा पहिल्या पानावरच थांबलो, कारण पहिल्या पानावर मी चांगला माणूस दिसत होतो. तसं दिसणं थांबवायचं कसं, ते कळेना. अजूनही कळलंय असं नाही — पण लिहितो.

आमच्या कपाटाचा खालचा कप्पा स्वेटरांनी भरलेला आहे. पाहुणे हसतात. कोल्हापुरात थंडी ती किती, आणि माणसं तीन, एवढे स्वेटर करता काय म्हणून विचारतात. बिनबाह्यांचे, पूर्ण बाह्यांचे, गळाबंद, सगळे हातानं विणलेले. काही माझ्या मापाचे, बाकीचे आमच्या अभिजितच्या वाढत्या मापाचे, एकापेक्षा एक मोठे. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, मापाचा त्यात एकही नाही. हे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. सुमनच्या आलं होतं, पहिल्या दोन वर्षांतच.

ते सगळे माझ्या मोठ्या बहिणीनं, आक्कानं विणले. आक्का कोडोलीत दिलेली. लग्नानंतर चारेक वर्षांनी तिच्या कोपरांवर पांढरट खपल्या आल्या, मग गुडघ्यांवर, मग तळहातांवर. कातडी जाड होऊन तडकायची. गावात कुणी त्याला कोड म्हणालं, कुणी त्याहून वाईट नाव घेतलं. तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. तिच्या हातचं पाणी प्यायला लोक ‘आत्ताच चहा झाला’ म्हणू लागले.

मी तिला कोल्हापुरात डॉक्टरांकडं आणलं. नव्वद साल असेल, किंवा एक्क्याण्णव. डॉक्टर म्हणाले, सोरायसिस आहे, बरा होत नाही, आटोक्यात राहतो, आणि कुणाला लागत नाही. त्यांनी हे दोनदा सांगितलं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. संसर्ग कशानं होतो आणि कशानं होत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर दोन रकाने पाडून लिहितो. तेव्हा मला ते न कळण्याचा प्रश्नच नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

उलट मी त्याचा झेंडा केला. भाऊबीजेला कोडोलीला गेलो की तिच्या घरच्यांसमोर मुद्दाम तिच्या हातचा लाडू मागून घ्यायचो. तिच्या चुलतसासूला मी एकदा चारचौघांत सुनावलं होतं, की आज्जी, लागत असता तर पहिल्यांदा मला लागला असता. आक्का खाली बघून हसली होती. दाजी नंतर म्हणाले, “मास्तर, तुमी हाय म्हणून हिला धीर हाय.” हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. गोड होतं.

विणकाम ती शाळेत शिकलेली. आजारानंतर ते वाढलं. शेजारणी येईनाशा झाल्या तेव्हा हातांना काहीतरी हवं होतं, असं मला वाटतं. तिनं तसं कधी म्हटलं नाही. तडकलेल्या बोटांत लोकर अडकायची. म्हणून ती आधी हाताला खोबरेल लावायची, मग ज्वारीच्या पिठात हात घोळून तेल टिपून घ्यायची, मग दोन बोटांना मऊ चिंधी गुंडाळायची — आणि मग सुया उचलायची. स्वेटरला महिना लागे. दुखायचं का? मी विचारलं नाही. सांगलीच्या शाळेत शिकवणाऱ्या मामेभावाला, नणंदेच्या मुलांना, ज्यांनी तिच्या घरचं पाणी नाकारलं त्यांच्याही नातवंडांना ती विणून द्यायची. ते घेऊन जात. घालत की नाही, कोण जाणे. मी मात्र घालायचो. शाळेत, चौकात, सगळीकडं. आक्कानं विणलाय, असं सांगत.

अभिजित झाला तो डिसेंबरमध्ये. आम्ही तेव्हा कसबा बावड्यात नवीन राहायला आलो होतो. कारखान्याचा हंगाम चालू, हवेत मळीचा वास. सुमनला आई नव्हती. आमचेही आई-वडील तोवर गेलेले. आक्कानं निरोप पाठवला की बाळंतपणाला मी येते, महिनाभर राहते. मी उलट निरोप दिला की सुमनची मावशी येणार आहे. मावशी येणार होती, ते खरं. पण तिला बोलावलं मी, आक्काचा निरोप आल्यानंतर. का बोलावलं? त्या वेळी मला वाटलं आक्काला त्रास नको. खरंच वाटलं का तसं? मला आता सांगता येत नाही.

सुमन मात्र आक्काच्या येण्याकडं डोळे लावून होती. वन्सं आल्या की मला हे विचारायचंय, ते विचारायचंय, असं तिचं चाललेलं. लग्न होऊन दीडच वर्ष झालं होतं, तिला हक्कानं बोलायला बाईमाणूस हवं होतं. आक्काचे हात तिनं पाहिलेले होते. तिनं त्याबद्दल मला एकदाच विचारलं, रात्री झोपताना खाजत असंल का हो त्यांना, एवढंच.

बारशाला आत्याचा मान. नाव तिनं ठेवायचं, बाळाच्या कानात पहिल्यांदा तिनं सांगायचं, आणि अंगावरचं पहिलं नवं तिनं आणायचं. आक्कानं स्वेटर, टोपी आणि मोजे आदल्या आठवड्यातच दाजींबरोबर पाठवून दिले. पिस्ता रंगाचे. मी पिशवी उघडली तेव्हा घरात पुढच्या खोलीत मी एकटाच होतो. टोपीच्या काठाला, दोन टाक्यांच्या मध्ये, एक पांढरा कण दिसला.

पीठ असेल. लोकरीचा धागा असेल. आणि कातडीची खपली असली तरी तिनं काय होणार होतं — हे मलाच ठाऊक होतं ना, फळ्यावर लिहिणाऱ्याला? मी तो कण नखानं काढला आणि बाहेर जाऊन साबणानं हात धुतले. दोनदा. मग पिशवी सुटकेसमध्ये ठेवली आणि सुटकेस माळ्यावर. सुमननं विचारलं तेव्हा म्हणालो, मोठा झालाय बाळाला, पुढच्या वर्षी होईल.

इथवर असतं तर मी हे लिहिलं नसतं. भीती कुणालाही वाटते.

बारशाच्या दिवशी आक्का लवकर आली. बाळाच्या अंगावर बाजारातलं दुपटं बघून तिनं मला परसात बोलावलं. आता इथं मला जपून लिहायला हवं. कित्येक वर्षं मी स्वतःला हा प्रसंग असा सांगत आलो, की आक्काच म्हणाली, सुमनला नको वाटलं व्हय? आणि मी फक्त मान हलवली. मान हलवणं लहान वाटतं. गडबडीत होऊन जातं. मी इतक्यांदा असं सांगितलंय स्वतःला, की ते मला डोळ्यांसमोर दिसतंसुद्धा — आक्काचा चेहरा, माझी मान.

तसं झालं नाही. तिनं एवढंच विचारलं, “सदा, बसंना व्हय अंगाला?” तिनंच मला वाट करून दिली होती. ‘व्हय, बसंना’ म्हणालो असतो तर संपलं होतं. पण ती माझ्याकडं बघत होती, आणि मला वाटलं हिला कळलंय. माझे धुतलेले हातही हिला कळलेत. आणि ज्या भावाच्या जिवावर ही त्या घरात मान वर करून बसते, तो भाऊ — मला ते सहन होईना. तिचं दुःख नव्हे. तिच्या नजरेतला माझा फोटो.

मी म्हणालो, “आक्का, मी लई सांगितलं. पर सुमनच्या मनाला येत न्हाई. बाळाला लागंल म्हणतीया.”

आपल्याकडं बायकोचं नाव घेतलं की पुढं कुणी काही विचारत नाही. सगळ्यांना ते आधीच पटलेलं असतं. आक्कालाही पटलं. ती तुळशीकडं बघत म्हणाली, “बाळंतीण हाय. तिला काय बोलू नगंस.”

ती सुमनची बाजू घेत होती. सुमननं न केलेल्या गोष्टीबद्दल.

आत पाळणा सजला होता. सुमननं बाळ उचललं आणि मोठ्या हौशीनं आक्कापुढं धरलं. आक्कानं हात पदराखाली घेतले. म्हणाली, माझं हात गार हाईत, असू दे पाळण्यातच. कानात सांगायला वाकलीही नाही. पायथ्याशी उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं नाव घेतलं. बायका कुजबुजल्या. सुमन बाळ तसंच हातात धरून उभी होती, आणि तिनं माझ्याकडं बघितलं — काय झालं, असं. मी पेढ्यांचा बॉक्स उघडत होतो.

त्यानंतर आक्का आमच्या घरी बारा वर्षं राहायला आली नाही. मी भाऊबीजेला जायचो, स्वेटर घेऊन यायचो. एक माझा, एक अभिजितचा. अभिजितचा देताना ती दरवेळी हळू आवाजात सांगायची, सुमनला म्हणावं लिंबाचा पाला घालून उकळत्या पाण्यातनं काढलाय, घालायला हरकत न्हाई. उकळल्यानं लोकर आटायची, म्हणून ती तो आधीच दोन बोटं मोठा विणायची. मी हा निरोप कधी दिला नाही. कसा देणार? अभिजित ते स्वेटर घालून शाळेत जायचा. हळूहळू माझी भीती कुठं गेली तेही मला कळलं नाही. पहिल्या वर्षी होती, तिसऱ्या वर्षी नव्हती. भीती गेली, खोटं राहिलं. मग ते कशासाठी राहिलं होतं?

सुमननं एकदा पिशवी उलटी करून बघितली आणि हसत म्हणाली, “माझं माप नसंल त्यांच्याकडं.” पुढच्या दिवाळीला तिनं एक दोरा घेतला. छातीला एक गाठ, उंचीला एक, बाहीला एक. तो घडी करून कागदात बांधून माझ्याकडं दिला. वन्सांना द्या, म्हणाली, मागितल्यासारखं नको, नुसतं द्या. मी तो पंचगंगेच्या पुलावर एस.टी.च्या खिडकीतून टाकला. आक्काच्या हातात दोरा पडला असता तर तिनं विचारलं असतं, माझ्या हातचं घालंल व्हय ती? आणि मग सगळंच उलगडलं असतं. परत आल्यावर सुमननं विचारलं, दिलात का. दिला म्हणालो. ती त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी पिशवीची वाट बघत होती. मग तिनं बघणं सोडलं. ‘तुमच्या आक्का’ म्हणू लागली. आधी ती ‘आपल्या वन्सं’ म्हणायची.

दोन हजार सहाच्या सुमारास आक्काचे सांधे धरले. त्याच आजारातून होतं, असं डॉक्टर म्हणाले. बोटं आकडली, सुया धरणं बंद झालं. दाजी आदल्या वर्षी गेले होते. उपचाराला कोल्हापुरात ठेवायचं म्हणून मी तिला घरी आणलं, आणि रिक्षातून येताना वाटेत माझा एकच हिशेब चालला होता. दोघी एका घरात. कुणीतरी बोलणारच.

कुणी बोललं नाही. सुमननं पहिल्या दिवशी पाटावर बसवून तिला अंघोळ घातली. हातापायांना मलम चोळायची, खपल्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून सोडवायची, घास भरवायची. आक्का सुरुवातीला हात आखडून घ्यायची. सुमन म्हणायची, “वन्सं, हात सोडा की. मी काय खाते का तुम्हाला?” आणि आक्का गोंधळून माझ्याकडं बघायची. चार महिने असं चाललं. मी शाळेतून आलो की दोघी टीव्हीपुढं शेंगा सोलत असायच्या; म्हणजे सुमन सोलायची, आक्का दाणे वेचायचा प्रयत्न करायची, आणि सुमन तिला चिडवायची, निम्मं तर तुमच्याच तोंडात जातंय.

परत कोडोलीला जायच्या आदल्या दिवशी आक्कानं मला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, “सुमन लई बदलली रं. तू समजावलंस, म्हणून झालं. दुसरा कोण बायकूला एवढं समजावत बसलाय?”

मी म्हणालो, “तसं काय न्हाई, आक्का.”

हे खरं होतं. आयुष्यात तिच्याशी मी बोललेल्या सगळ्यात खऱ्या वाक्यांपैकी एक असेल. तिला तो माझा विनय वाटला. तिनं आपली वाकडी बोटं माझ्या डोक्यावरून फिरवली, आणि मी ती फिरवू दिली.

दीड वर्षानं आक्का गेली. न्युमोनिया झाला होता. दिवसकार्य उरकून आम्ही कोडोलीहून परत येत होतो, शेवटच्या एस.टी.त, गर्दी नव्हती. सुमन खिडकीकडं. ती रडत नव्हती. मग बाहेर बघतच म्हणाली, “शेवटी एवढी माया केली त्यांनी. मग आधीची बारा वर्षं माझं काय चुकलं होतं हो? तुम्हाला कधी बोलल्या का काही?”

तेव्हा सांगता आलं असतं. आक्का गेली होती. तिच्या नजरेतला माझा फोटो आता कुणी उतरवू शकत नव्हतं. घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग मी कशाला घाबरलो? मी त्यावर इतका विचार केलाय की आता विचार आणि सबब यांतला फरकच मला कळेनासा झालाय.

मी म्हणालो, “न्हाई. तुझं काय चुकलं असंल. तिचा स्वभावच तसा होता.”

सुमननं मान हलवली. तिला ते पटलं.